गडग्यापलीकडचं वायफाय

२०२५च्या गणपतीत मी पाच दिवसांची रजा टाकून गावी गेलो (मालवण तालुका, गावाचं नाव सांगत नाही, भावबंद वाचतात) आणि त्यातले दोन दिवस अन् एक अख्खी रात्र अंगठ्याच्या नखाएवढ्या एका वस्तूपुढे बसून काढली. दर्शनाला येणारे आधी गणपतीला हात जोडायचे, माटवीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या आराशीची, तारीफ करायचे आणि मग कोपऱ्यात वाकून बसलेल्या माझ्याकडे बघून आईला हळूच विचारायचे, ह्येका बरा नाय काय?

मूळ दोष माझाच. बाबांचा जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज दहा, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, आणि विंडोज अकरा त्या मशीनला दारात उभं करायला तयार नाही, म्हणून मे महिन्यात आंब्यांना आलो तेव्हा मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टम टाकून दिली. ती पण माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर पडलेली २१वी आवृत्ती, नवीन बावीस उतरवून घ्यायचा कंटाळा केला, त्याचं फळ पुढे येईलच. मी खरं तर अकाउंट्समध्ये आहे. पण गावात मुंबईला एसीत बसून काम करणारा प्रत्येक चाकरमानी हा 'काम्प्युटरात' असतो, त्याला इलाज नाही.

तेव्हा घरात नेटच नव्हतं, त्यामुळे सगळं छान चाललं. मग जुलैत शेजारच्या चुलत दादाकडे फायबर आलं आणि त्याने मोठ्या मनाने पासवर्ड दिला. फोनवर लागलं. कॉम्प्युटरला वायफायच नाही. राउटर आमच्या खिडकीपासून वीस पावलांवर, एक लॅन वायर टाकली की संपला विषय, असं मी बोललो मात्र, बाबा ताडकन उठले. मधे गडगा आहे ना, दगडी कुंपण! त्या गडग्यावर आलेल्या फणसाच्या एका फांदीवरून आमची दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती, आता कुठे एकमेकांकडे मोदक जायला लागलेत.

"आज वायर जातली," बाबा म्हणाले, "उद्या वहिवाट होतली, परवा कोर्टात जावचा लागतला."

म्हणून वायरलेस. हवेचा सातबारा अजून कोणी काढलेला नाही.

कुडाळला एका दुकानात साडेचारशेला यूएसबीत खोचायचा वायफाय अडॅप्टर मिळाला, तीच ती नखाएवढी वस्तू. खोक्यावर ठळक ६०० एमबीपीएस. आता ही बेरीज कशी तर वायफायचे दोन पट्टे, पाच गिगाहर्ट्झवर ४३३ आणि २.४वर १५०, दोन्ही एकदम मिळत नाहीत तरी मिळवायचे आणि वर थोडं तोंडी लावायला, आणि मुळात हा यूएसबी २.० मधून चालणार ज्याची स्वतःचीच कमाल मर्यादा ४८० आहे! आमच्याकडे असल्या बेरजा लग्न ठरवताना मुलाच्या पगाराच्या करतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, लिनक्स २.६ चालेल. २.६ हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, २००३ सालचा. बाबांना कर्नल म्हटल्यावर आर्मीतला वाटला, मी म्हटलं तसंच समजा, सगळ्यांना हाच ऑर्डर देतो.

अडॅप्टर खोचला. वायफायचं चिन्ह नाही, काही नाही, स्क्रीनवर एक सीडी ड्राइव्ह उगवला. मी काढला, परत खोचला, परत सीडी.

"सीडी आसा तर एखादो दशावतार लाव मगे," बाबा.

आणि खरंच तो दशावतारच निघाला हो. ही जात कॉम्प्युटरमध्ये शिरताना सीडीचं सोंग घेऊन शिरते. पोटात विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, भरलेला असतो, विंडोज तो वाचून घेतं, मग हा मुखवटा काढतो आणि वायफाय म्हणून रंगमंचावर येतो. लिनक्समध्ये सोंग उतरवायला यूएसबी मोडस्विच नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो, तो कधी आपणहून काम करतो कधी नाही, माझ्या वेळी अर्थातच नाही. शेवटी त्या नसलेल्या ड्राइव्हमधली नसलेली सीडी इजेक्ट केली. यूएसबीची यादी काढून बघतो तर मघाशी ज्याचा नंबर १ए२बी होता तो आता सी८११ झालेला. चिप निघाली ८८२१सीयू. चला, नट कोण ते कळलं, पण ह्या नटाला बोलायला लावणारा ड्रायव्हर माझ्या मिंटमध्ये नव्हताच.

ड्रायव्हरला नेट पाहिजे, नेटला ड्रायव्हर पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. मग फोन आठवला. फोन दादाच्या वायफायवर, फोनची केबल कॉम्प्युटरला, यूएसबी टेदरिंग चालू, आणि दहा सेकंदांत नेट हजर. कसला ड्रायव्हर नाही, कसलं सोंग नाही.

"चलता मगे," बाबा म्हणाले. "फोन हंयच ठेव."

"मग मी मुंबईला काय घेऊन जाऊ?"

"माझो घेवन जा." त्यांचा बटणांचा आहे.

रात्री नऊला ड्रायव्हर कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडवरून बांधून काढायला, बसलो आणि त्याच मुहूर्तावर भजनाची बारी आली. बाजूला पखवाज, झांजा, आई काळ्या वाटाण्याची उसळ वाढतेय, आणि मी आधी हेडर आणा, मग कंपाइलर आणा, मग सोर्स आणा. लिनक्स दर वेळी विचारणार, एवढं एवढं उतरवतोय, चालेल का, वाय की एन? बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसलेले. पहिल्यांदा विचारलं हा वाय म्हणजे काय, मी म्हटलं होय. झालं. त्यानंतर मी वाय दाबला की हे मागून गाऱ्हाण्याच्या सुरात, "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वेळेपासून अख्खं भजनी मंडळ. बुवांनी एक अभंग मधेच थांबवून पण व्हय म्हाराजा म्हटलं, मला भरून आलं. स्क्रीनवर वॉर्निंगांचा पाऊस पडत होता, बाहेर खराखुरा. टाळवाला एकजण मान घालून बघून म्हणाला, बंद करून चालू कर. सगळ्या जगात हा एक माणूस हजर असतो.

मधे लाइट गेली. परत आली. परत पहिल्यापासून. दीड वाजता बांधलेला ड्रायव्हर चढला, आणि वायफायच्या यादीत दादाच्या राउटरचं नाव! आमच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाड, त्यातून पाच गिगाहर्ट्झ येतच नाही, २.४ पण खोकत खोकत येतं, म्हणून अडॅप्टर एक्स्टेन्शन केबलवर लांबवून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला (केबल घराच्या आतच, बाबांनी खात्री करून घेतली) तेव्हा कुठे दोन दांड्या आल्या. बाबांनी लगेच दशावतार लावला. पहाटे साडेतीनपर्यंत आमच्याकडे धुमशान, आई आतून काय काय बोलत होती ते गणपतीसमोर बोलायचं नव्हतं.

दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. झोपायच्या आधी मी खुशीत 'सगळं अपडेट करा' दाबून ठेवलं होतं. त्यात कर्नल पण बदलला. सकाळी कॉम्प्युटर चालू केला, वायफाय गायब, राजाची परत सीडी! ड्रायव्हरबरोबरच्या माहितीत अगदी पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं की डीकेएमएस वापरा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप परत बांधला जातो. मी ती ओळ वाचलेली. हौशी लोकांसाठी असेल म्हणून सोडलेली.

आणि मग चहा पिता पिता कळलं की ह्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सने ६.२ कर्नलपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३पासून, पोटातच ठेवलेला आहे. माझं मिंट २१ म्हणजे कर्नल ५.१५. बावीस टाकलं असतं तर त्यात ६.८, आणि ही भानगडच नव्हती. एकवीसमध्येसुद्धा अपडेट मॅनेजरच्या मेनूतून ६.८ निवडता येतो. निवडला, रीस्टार्ट केला, सीडी इजेक्ट केली, वायफाय चालू. चहा अजून गरम होता. मी कोणाला काही सांगितलं नाही, उलट घाम पुसला.

मुंबईला निघायच्या दिवशी बॅगा भरत होतो तेव्हा दादाची गडग्यापलीकडून हाक आली.

"काका, नेट स्लो झालो वाटता. तुमी कायतरी लावलात काय?"

बाबा पडवीत आले, खिडकीला बांधलेल्या त्या सुतळीकडे एकदा बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले,

"आमची वायर इली काय रे गडग्यावरसून?"