गुहेतील हाडे आणि ‘कोरडी जागा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

गुहांमधील जीवाश्मांवरील माझा लेख आपल्याला ‘सवंग’ वाटला. पांडवलेण्यांचे छायाचित्र दिशाभूल करणारे आहे, ‘गुहेत हाडे टिकतात ती केवळ जागा कोरडी असते म्हणून, त्यात विशेष ते काय?’, आणि गुहेतला साठा त्या काळच्या प्राणिसृष्टीचे खरे चित्र देत नाही, असे आपले तीन आक्षेप. शेवटी ‘नाशकात बसून लिहिणाऱ्यांनी आधी एखादी गुहा पाहावी’ हा सल्ला.

छायाचित्राची चूक मला मान्य आहे. पांडवलेणी बेसॉल्टमध्ये माणसाने कोरलेली आहेत, तर माझा विषय चुनखडकातील नैसर्गिक गुहांचा होता. ते चित्र मी काढले आहे.

मात्र ‘कोरडी जागा’ हे शब्द ज्या ठामपणे आपण लिहिले, त्यावरून सल्ल्याची गरज नेमकी कोणाला आहे, असा प्रश्न पडतो. आंध्रातील नंद्याल (2022 पर्यंत कर्नूल) जिल्ह्यातल्या बिल्लासुर्गमच्या गुहांत मी दोनदा गेलो आहे आणि दुसऱ्या वेळी आत शिरताच चष्म्यावर बाष्प धरले होते. याच गुहांत भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे पुत्र हेन्री यांनी 1884-85 मध्ये खोदकाम केले आणि गेंड्यासह अनेक प्राण्यांची हाडे मिळवली. चुनखडकातून झिरपणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. आम्लधर्मी मातीत हाडातील खनिज झिजते, तसे ते या पाण्यात सहसा झिजत नाही. उलट तेच पाणी थेंबाथेंबाने चुन्याचा थर चढवून खालचा गाळ झाकून टाकते, आणि त्या थरातील युरेनियम-थोरियमच्या प्रमाणावरून त्याचे वयही काढता येते. शिवाय आत ऊन नाही, गुरांचे पाय नाहीत, तापमानाचे चढउतार अगदी थोडे. सैबेरियातील डेनिसोवा गुहेच्या थंडाव्यात बोटाच्या एका हाडात डीएनए इतका शाबूत राहिला की 2010 मध्ये त्यावरून एका अपरिचित मानवगटाची ओळख पटली. हे सारे काम कोरडेपणा एकटा करतो काय?

चुन्याविषयी मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेत चुनखडीच्या जमिनीमुळे पिवळी पडलेली पाने पाहत मी लहानाचा मोठा झालो. ‘नाशकात बसून’ या शब्दांमागचा तुच्छभाव म्हणूनच अधिक बोचला; विषय न पटणे वेगळे, लिहिणाऱ्याच्या गावाला हिणवणे वेगळे.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल इतकेच की, तरस आणि साळिंदर हाडे गुहेत ओढून नेतात हे मला माहीत आहे, आणि ऑस्ट्रेलियातील नाराकूर्टच्या गुहांत प्राणी छतातील भगदाडांतून पडत असत हेही. कोणती हाडे उरावीत याची निवड नदीसुद्धा करतेच. नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, म्हणून त्या काळी इथे फक्त हत्तीच होते असे कोणी म्हणत नाही. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात मला काही दिसत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ‘सवंग’ हा शब्दही आपण लिहिला तसाच आहे.