ड्रायडन-पोपची कविता म्हणजे दरबारी टाइमपास? अजिबात नाही

सध्या एक मजकूर बराच फॉरवर्ड होतोय, त्याचं सार असं की १६६० ला इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा गादीवर परत आला तिथपासून अठराव्या शतकातल्या अलेक्झांडर पोप, जोनाथन स्विफ्ट या कवींपर्यंतची इंग्रजी उपहासकविता म्हणजे पोट भरलेल्या दरबाऱ्यांनी एकमेकांना काढलेले चिमटे, त्यात धोका कसला नव्हता, विषय फालतू, यमकं एकाच साच्यातली आणि बायका फक्त चेष्टेपुरत्या. ही कविता मी गेली कित्येक वर्षं प्रेमाने वाचतोय, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

आधी धोक्याचं घेऊ. स्टीफन कॉलेज नावाचा एक सुतार होता, ऑगस्ट १६८१ मध्ये ऑक्सफर्डला त्याला राजद्रोहाखाली फाशी दिलं आणि खटल्यात त्याच्याविरुद्ध जे पुढे आणलं त्यात राजाची टर उडवणारं, त्याच्या नावावर असलेलं एक गाणंही होतं. एका गाण्यावरून नाही गेला जीव, पण ते गाणं कोर्टात वाचलं जाण्याइतकं महत्त्वाचं वाटलं होतं ना सरकारला! ड्रायडन तर चक्क राजकवी, तरी १८ डिसेंबर १६७९ ला रात्री लंडनच्या रोझ अ‍ॅलीत भाडोत्री गुंडांनी त्याला बेदम मारलं, त्याने ५० पौंडांचं बक्षीस लावलं पण मारायला कोणी सांगितलं ते कधीच सिद्ध झालं नाही. आणि ज्या कवितेवरून हे झालं असं मानतात ती बहुतेक त्याची नव्हतीच, लॉर्ड मल्ग्रेव्हची होती. छापायला आधी परवाना लागायचा, मधली काही वर्षं सोडली तर तो कायदा १६९५ पर्यंत होता, म्हणून तर रॉचेस्टर या दरबारी कवीच्या कविता हाताने उतरवून घेऊन फिरायच्या.

दरबारी म्हणाल तर रॉचेस्टर होताच, अर्ल म्हणजे बडा उमराव होता, ते मान्य. पण 'ह्यूडिब्रास' हे लांबलचक उपहासकाव्य लिहिणारा बटलर शेतकऱ्याचा पोरगा, गरिबीतच गेला. आणि पोप? बाप कापडाचा व्यापारी, घर कॅथलिक, म्हणून युनिव्हर्सिटीचं दार बंद, लंडनच्या दहा मैलांच्या आत राहायला कायद्याने मनाई, त्यात लहानपणीच मणक्याचा क्षय होऊन उंची जेमतेम साडेचार फूट. ग्रीक महाकवी होमरच्या भाषांतराला आगाऊ वर्गणीदार मिळवून तो स्वतःच्या लेखणीवर जगला.

आता 'फालतू विषय', यावर मात्र मला नीट बोलायचंय. 'द रेप ऑफ द लॉक' म्हणजे एका मुलीची बट कापली यावरची कविता, बरोबर. लॉर्ड पीटरने अ‍ॅराबेला फर्मरची बट खरंच कापली होती, दोन कॅथलिक घराण्यांत बिनसलं, ते मिटावं म्हणून पोपला लिहायला सांगितलं, १७१२ ला दोन सर्गांत आली, १७१४ ला पाच. पण वाचा तरी! नायिकेच्या टेबलावर पावडर, टिकल्या, बायबल, प्रेमपत्रं सगळं एकाच ओळीत, बायबलला वेगळी जागाच नाही. तिसऱ्या सर्गात राणी अ‍ॅन कधी सल्ला घेते, कधी चहा, क्रियापद दोघांना एकच. आणि मग पत्त्यांचा डाव सुरू व्हायच्या आधी दुपार कलते तेव्हा भुकेले न्यायाधीश घाईघाईत शिक्षेवर सही करतात, ज्युरीला जेवायला जायचंय म्हणून गरीब माणूस फासावर जातो. बटेवरच्या कवितेत मधेच हे! तिथे मी दर वेळी थांबतो. बटेसाठी एवढा आकांत आणि फाशीसाठी एक ओळ, पोपला हेच दाखवायचंय.

साच्याचं, म्हणजे दोन-दोन ओळींना यमक जुळवत जाण्याचं, थोडक्यात सांगतो. 'ह्यूडिब्रास'ची ओळ आखूड, मुद्दाम खडबडीत, पोपच्या ओळीशी तिचं काही नातं नाही. स्विफ्टची १७१० ची लंडनच्या पावसावरची कविता शेवटी दोनाऐवजी तीन ओळींचं यमक जुळवते आणि त्या ओळींतून बुडालेली पिल्लं, मेलेली मांजरं, सलगमाचा पाला असं सगळं वाहत येतं, म्हणजे गटार तुंबून वर आल्यासारखी कवितासुद्धा काठाबाहेर जाते.

बायकांबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, या कवितेत बायकांविषयी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही. पण त्या ऐकून घेत बसल्या नव्हत्या. स्विफ्टने १७३२ मध्ये एका बाईच्या ड्रेसिंग रूममधली घाण काढून दाखवली, तर लेडी मेरी वर्टली माँटेग्यूने १७३४ मध्ये उलट कविता लिहिली, तिच्यात स्विफ्टच पैसे देऊन एका बाईकडे गेलाय, त्याला काहीच जमत नाही, पैसे परत मागतो, मिळत नाहीत, मग तुझ्या खोलीबद्दल लिहीन अशी धमकी देतो. त्यावर ती बाई म्हणते, लिही की, संडासात कागद लागतोच मला. आणि कविता तिथेच संपते.