चेनच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात. सांगितलं होतं वरचा सडलेला पाइप बदलायला, पण आम्ही मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांना जोडणारी फाट्यांची नळी) आणि सुरू करायच्या छोट्या इंजिनाची नळीही खोलली, त्यामुळे बिल वाढलं. साध्या ट्रॅक्टरचा तयार सायलेन्सर बसवला असता तर काम एका दिवसात उरकलं असतं. आणि एवढं करूनही जोडातून काळं तेल ओघळतंय. तुमचं मशीन शिराळ्याच्या उतारावर अजून ताली (मातीचे बांध) टाकतंय. ते पुढेही चालावं असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. असंच मशीन बाळगणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तरी चांगलंच.

हे मशीन म्हणजे कॅटरपिलर डी-४, ७यू मालिका, १९४७ ते १९५९ या काळातलं. मोठ्या इंजिनाला सेल्फ नाही. दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आधी चालू करायचं आणि त्याच्या जोरावर डिझेल इंजिन फिरवायचं. या छोट्या इंजिनाचा धूर सरळ बाहेर पडत नाही. त्याची नळी मोठ्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या, पोटातून जाते, म्हणजे आत जाणारी हवा कोमट होते आणि थंडीत डिझेल लवकर पेट घेतं. ज्याने हे रचलं त्याचं कौतुकच आहे. पण मशीन जुनं झालं की नेमकी हीच नळी घात करते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. छोटं इंजिन चालतं थोडा वेळ, नळी पुरेशी तापत नाही, वाफेचं पाणी होऊन आतच बसतं. त्यात वरून उघड्या तोंडातून पाऊस. नळी आतून गंजत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

भोक पडलं की छोट्या इंजिनाची काजळी मोठ्या इंजिनात जाते, हे झालं कमी नुकसान. खरं नुकसान छोटं इंजिन बंद केल्यावर होतं. मोठं इंजिन त्या भोकातून बाहेरची हवा ओढायला लागतं. ही हवा ऑइल बाथ एअर क्लीनरमधून, म्हणजे तेलात धूळ पकडणाऱ्या गाळणीतून, आलेली नसते. ताली टाकताना उडणारा धुरळा सरळ लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, जातो. पिस्टन रिंगा झिजतात, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागतो, आणि मग हजारांत भागणारं काम लाखात जातं. तुम्ही एअर क्लीनरचं तेल वेळच्या वेळी बदलता हे त्याच्या वाटीवरून दिसत होतं. ती सगळी काळजी या एका भोकाने वाया गेली असती.

म्हणून असं मशीन आलं की आम्ही आधी कागद लावून बघतो. मोठं इंजिन चालू, छोटं बंद, आणि छोट्या इंजिनाच्या धुराच्या नळीच्या तोंडाशी वहीचा पातळ कागद धरायचा. नळी चांगली असेल तर कागद नुसता लोंबत राहतो. तुमच्या मशीनला तो तोंडावर चिकटून बसला, हात सोडला तरी पडेना. हे तुमच्या ड्रायव्हरसमोर केलं, तिथूनच तुम्हाला फोन लावला, आणि तुमचा होकार जॉबकार्डावर लिहिलेला आहे. आधी दिलेला अंदाज फक्त वरच्या पाइपाचा होता, हेही त्यावर आहे.

नवी नळी ३ मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाइपाची आहे. सायलेन्सरचा नेहमीचा पाइप दीडेक मिलिमीटरचा असतो. तो या जागी घातला तर पुन्हा तेच दुखणं, आणि तेही पोटात, न दिसणारं. बसवल्यावर एक तोंड बंद करून अर्धा किलो दाबाची हवा भरली आणि अख्खा मॅनिफोल्ड पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हाच तो मशीनवर चढवला.

आता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा. तो बिडाचा आहे. वरच्या पाइपाचा फ्लँज (जोडाची चकती) जिथे बसतो तिथून चीर सुरू झाली होती, तिच्यावर नवा पाइप कसला असता तर वजनाने आणि हादऱ्याने ती लांबत गेली असती. पितळी ब्रेझिंग स्वस्तात झालं असतं, पण लोड असताना इथला धूर ५०० अंशांच्या वर जातो आणि त्या उष्णतेत पितळ मऊ पडतं. म्हणून चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं मारून तिला थांबवलं, चिरेवर व्ही आकाराची खाच काढली, कास्टिंग आधी सगळीकडून तापवलं आणि निकेल रॉडने एकेक इंचाचे टाके घातले. प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा, नाहीतर थंड होताना बीड टाक्याच्या कडेने पुन्हा तडकतं. मग कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर ठेवायचं. इथे घाई करून चालत नाही. तुमचा एक दिवस इथे गेला.

मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे स्टड (आट्यांचे दांडे) काढताना नट लाल करायचा, स्टड नाही. तरीही एक हेडलगत तुटला. त्यावर नट वेल्ड करून त्याच्याच उष्णतेने तो सोडवला, हेडला ड्रिल लावावं लागलं नाही. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फिलर (फट मोजायची पातळ पत्ती) घातला तेव्हा टोकाला पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फट होती, म्हणून सरफेस ग्राइंडिंग करून तोंड सपाट केलं. जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं होतं. असं पॅकिंग कुणीही कोरडं घासू नये, वायर ब्रश तर मुळीच लावू नये. ओलं करून खरवडायचं आणि पिशवीत बांधून ठेवायचं, ती धूळ छातीत कायमची बसते. नट आता पितळेचे घातले आहेत, पुढच्या वेळी स्टड मोडणार नाहीत.

तयार सायलेन्सरबद्दल. हे इंजिन साडेचार इंच बोर आणि साडेपाच इंच स्ट्रोकचं, चार सिलिंडर, म्हणजे सुमारे ५.७ लिटर. १४०० फेऱ्यांना ते मिनिटाला जवळपास ४,००० लिटर हवा ओढतं. साधारण पावणेतीन लिटरचं शेतीचं ट्रॅक्टर २००० फेऱ्यांनाही २,८०० च्या पुढे जात नाही. त्याचा सायलेन्सर इथे बसवला तर धूर मागे तुंबतो, लोडवर इंजिन काळं ओकतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. दिसायला बसतो, पण चालत नाही.

राहिलं काळं तेल. तुम्ही टाकलेल्या फोटोत जोडाखाली ओला, चकचकीत ओघळ दिसतो. पॅकिंग लीक असतं तर तिथे कोरडी काजळी पंख्यासारखी पसरली असती आणि गार इंजिनाला चक्-चक् आवाज आला असता. हा ओघळ न जळलेल्या डिझेलचा आणि थोड्या इंजिन ऑइलचा आहे. डिझेल इंजिन फार वेळ रिकामं, कमी फेऱ्यांवर ठेवलं की सिलिंडर गार राहतात आणि हे पाइपात साचतं. पाण्याचं तापमान ७५ अंशांच्या वर आलं की ब्लेड टेकवून तासभर भरपूर लोडवर काम करा, ओघळ वाळला पाहिजे. काम नसेल तेव्हा मशीन बंद ठेवा, डिझेलही वाचेल. तापमान चढतच नसेल तर थर्मोस्टॅट बघावा लागेल. आणि चांगला लोड देऊनही ओघळ थांबला नाही, तर डिझेल फवारणारे नोझल आणि रिंगा तपासाव्या लागतील. ते भोक किती दिवस होतं हे सांगता येत नाही, त्यामुळे रिंगा शाबूत आहेत असं आम्ही वरवर पाहून म्हणणार नाही. ब्रीदरवर हात धरून बघा, जोरात फुंकर येत असेल तर कळवा.

पाइपावर झडपेची टोपी बसवली आहे, ती ड्रायव्हरने काढू नये. टोपी नसेल तर पाणी मॅनिफोल्डमधून ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात उतरतं आणि पावसाळाभर उभं राहिलेलं मशीन दिवाळीला जाम सापडतं. झडप बिजागरीत अडकते, महिन्यातून एकदा हाताने हलवून ग्रॅफाइट लावा, ग्रीस नको, ते जळून चिकटतं. छोट्या नळीला झडप नाही, काम संपलं की तिच्यावर डबा पालथा घाला आणि सुरू करण्याआधी आठवणीने काढा.

नव्या पॅकिंगचे नट पहिल्या दहा तासांनंतर पुन्हा कसावे लागतात. इंजिन गार असताना, मधल्या नटापासून दोन्ही टोकांकडे आळीपाळीने, थोडं थोडं करत तीन फेऱ्यांत. आमचा फिटर रानात येऊन ते करून देईल, त्याचे पैसे बिलात आधीच धरलेले आहेत. जुनी नळी आणि तुटलेला स्टड वर्कशॉपमध्ये तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय, कुपवाडला आलात की बघून घेऊन जा.