अहो, अहोय आणि फटीतला मी

सच्या म्हणजे माझा मेहुणा, चार वर्षं झाली प्रागला असतो, आणि त्याची एक सवय आहे, कुठलंही संकट सांगायचं असलं की "काही नाही हो दाजी" अशी सुरुवात करतो. आमच्या लग्नात शेवटची पंगत बसलेली असताना श्रीखंड संपलं तेव्हाही हाच "काही नाही हो दाजी" करत आला होता. त्यामुळे त्याने "काही नाही हो दाजी, यिचीन म्हणून छोटं गाव आहे, गाव बघू, मग बाजूला जरा दगड आहेत तिथे एक चक्कर मारू, संध्याकाळी घरी" असं म्हटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी म्हटलं दगडांचं मला काय सांगतोस, आम्ही सह्याद्रीतली माणसं, कॉलेजात असताना तोरणा, हरिहर, सगळं पायाखालून घातलंय. बायको म्हणाली, "अहो, ते अठ्ठ्याण्णव साली. हल्ली पर्वती चढताना दोनदा बसता." ती हे नेहमी माहेरच्या माणसांसमोरच बोलते.

तर निघालो. प्रागच्या मेट्रोच्या एका टोकाला चेर्नी मोस्त नावाचं स्टेशन आहे, म्हणजे काळा पूल, तिथून बस. पंच्याऐंशीएक किलोमीटर. माझ्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन पुडाचा स्टीलचा डबा, त्यात दशम्या नि बटाट्याची भाजी, कारण बायकोचा परदेशी जेवणावर विश्वास नाही. अंगात थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, आणि पोटावर पासपोर्टचा पाऊच. हे सगळं तपशीलवार सांगतोय कारण पुढे याचाच हिशोब होणार आहे.

यिचीन गाव खरंच देखणं आहे हो. चौकाच्या चारी बाजूंनी कमानींची ओसरी, पाऊस आला तरी न भिजता फिरता येईल अशी, आणि एका अंगाला वाडा. हा सगळा थाट वाल्डस्टाइन नावाच्या सेनापतीचा. युरोपात १६१८ ते १६४८ असं तीस वर्षं युद्ध चाललं होतं त्यात हा सम्राटाच्या बाजूने लढला, अफाट पैसा केला, स्वतःचं राज्यच थाटलं आणि यिचीन ही राजधानी केली. पुढे सम्राटालाच त्याचा संशय आला आणि १६३४ च्या फेब्रुवारीत त्याच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याला मारलं. सच्या म्हणाला सोळाशे चौतीस, तर मी आणि बायको दोघांनी एकदमच हिशोब केला, म्हणजे महाराज तेव्हा चार वर्षांचे. आपल्याला कुठलीही तारीख कळायला मधे महाराजांचं वय लागतंच.

बायकोला मात्र लढाईत रस नव्हता, तिने पकडलं ते वेगळंच. या वाल्डस्टाइनची पत्रिका मांडली होती केप्लरने! ग्रह लंबवर्तुळात फिरतात वगैरे आपण शाळेत शिकलो ना, तोच केप्लर. १६०८ साली त्याने ती करून दिली, पुढे परत सुधारूनही दिली. "एवढा मोठा शास्त्रज्ञ पत्रिका बघायचा, आणि तुम्ही माझ्या आईला हसता," असं म्हणून बायको जी पुढे गेली ती थेट वाल्दित्से दरवाजापाशीच थांबली. हा गावचा जुना दरवाजा, त्याच्यावर बावन्न मीटर उंच मनोरा. वर जाता येतं. जिना इतका अरुंद की वरून एक आजोबा उतरत होते तर मी भिंतीला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटलो तरी त्यांना माझ्या पाऊचला वळसा घालून जावं लागलं. नियतीने मला तिथे पहिली सूचना दिली होती. मी तिचा फोटो काढला आणि पुढे गेलो.

वरून एक मस्त गोष्ट दिसते, वाल्डस्टाइनने लावलेली लिंडन झाडांची वाट, चार रांगा, हजाराच्या वर झाडं, गावापासून सरळ रेषेत पावणेदोनेक किलोमीटर. तिकडेच वाल्दित्सेला त्याने मठ बांधला, मेल्यावर त्याला पुरलं पण तिथेच. आता तिथे तुरुंग आहे. सच्या म्हणाला, "दाजी, तिकडे नको, आपण दगडांकडे जाऊ." दोन तासांनी मला तो तुरुंगसुद्धा ऐसपैस वाटणार होता.

प्राखोवचे दगड गावापासून सहा-सात किलोमीटरवर. "जरा दगड" म्हणे! झाडांच्या वर डोकी काढून उभे असलेले पिवळट राखाडी सुळके, शेकड्यांनी, आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या वाटा, बोळ, कोरलेल्या पायऱ्या. नऊएक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तळाशी वाळू साठत गेली, तिचा दगड झाला, मग समुद्र हटला, दगडाला उभ्या-आडव्या भेगा गेल्या, आणि त्या भेगा पाण्याने, बर्फाने खाऊन खाऊन रुंद केल्या. आपला सह्याद्रीचा काळा दगड सहा-साडेसहा कोटींचा, म्हणजे यांच्यापुढे धाकटाच. हे ऐकून मी जरा नरमलो. दगडाला हात लावला तर तळहाताला चक्क वाळू लागली, बारीक, रव्यासारखी, आणि काही ठिकाणी अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं.

प्राखोवच्या सुईवर, म्हणजे तशा नावाचा एक सुळकाच आहे, गिर्यारोहक चढतात. त्यांचे नियम सच्याने सांगितले आणि मला ते फार आवडले. दगड ओला असेल तर चढायचं नाही, कारण हा दगड भिजला की कमजोर होतो. हाताला ती पांढरी पावडर लावायची नाही. आणि फटींमध्ये लोखंडी वस्तू ठोकायच्या-अडकवायच्या नाहीत, दगड तुटतो, त्याऐवजी दोरीला गाठ मारायची आणि ती गाठ फटीत अशी बसवायची की खाली ओढली तरी निघणार नाही. "गाठीवर अख्खा माणूस तोलतो?" मी विचारलं. "बसली की बसली दाजी, हलत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

आता वाटेत एक गंमत सुरू झाली होती. चेक लोक रानात भेटले की एकमेकांना नमस्कार करतातच, मोठी माणसं "दोब्री देन" म्हणतात, आणि मुलं, तरुण मंडळी "अहोय". अहोय म्हणजे आपलं "काय, कसं काय" तसं. आमची ही मागे फोटो काढत राहायची आणि मग "अहोऽऽ" करून मला हाक मारायची, की दगडांच्या पलीकडून कुठूनतरी तीन-चार आवाज "अहोऽऽय!" हिला आधी वाटलं प्रतिध्वनी आहे. मग शाळेची एक सहल आमच्या मागे लागली आणि हिने हाक मारली रे मारली की पंचवीस पोरं "अहोय!" सत्तावीस वर्षांत तिच्या हाकेला इतका तत्पर प्रतिसाद मी कधी दिला नाही, हे तिनेच मला ऐकवलं.

आणि मग ती फट आली. तसे तिथले बोळ अरुंदच, एकाचं तर नाव बादशाही बोळ आहे, पण ही फट म्हणजे दोन भिंती बोलताबोलता जवळ आल्यासारख्या. सच्या गेला, तो काडी आहे. बायको तिरकी होऊन गेली. मी म्हटलं आडवं व्हावं, झालो, चार पावलं गेलो आणि मागून डब्याचा खर्रर्र असा आवाज आला, पुढून पाऊच दगडाला टेकला, आणि मी थांबलो. म्हणजे मी थांबलो नाही, मला थांबवण्यात आलं. पुढे जाईना, मागे येईना. सच्याने सांगितलेली ती फटीत बसवायची गाठ, ती मीच.

"अहो, काय झालं?" "अहोय!" मागून पंचवीस पोरं. ती आता नेमकी माझ्या पाठीशी येऊन थांबली होती. "अहो, श्वास सोडा ना!" "अहोय!" श्वास कुठे सोडायचा, घेतलेलाच अर्धा होता. माझ्या नाकासमोर चार बोटांवर ती नऊ कोटी वर्षांची भिंत, एक मुंगी एका भोकातून निघून दुसऱ्यात गेली, मधे तिने माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. पोरांच्या मागे एक आजीबाई आल्या, हातात काठी, सोबत कुत्रं. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि मला अत्यंत आदराने म्हणाल्या, "दोब्री देन." मीही म्हणालो, "दोब्री देन." रीत ती रीत.

शेवटी पोरांचे मास्तर पुढे आले, दाढीवाले, धिप्पाड, त्यांनी खुणेनेच सॅक काढायला सांगितलं. मी एक खांदा सोडवला तर ते म्हणाले, "नो, नो, नो!" मी घाबरून पुन्हा घातला. त्यांनी परत खूण केली. मी परत खांदा सोडवला. "नो, नो, नो!" परत घातला. असं तीनदा झालं. मला कळेना की या माणसाला नक्की काय हवंय, त्यांना कळेना की हा माणूस एवढा जमत आलेला कार्यक्रम मोडतो का, आणि मागे पोरं खिदळून बेजार. अखेर त्यांनीच हात घालून सॅक वरून ओढून घेतली, डबा शेवटचा खर्रर्र करून सुटला, बायकोने पुढून पाऊचचा पट्टा ओढला आणि मी पलीकडे अक्षरशः जन्माला आलो. टाळ्या पडल्या. स्वेटरच्या पोटावर वाळूचा पट्टा, जॅकेटची चेन गेलेली.

"पाऊचमुळे झालं," मी म्हणालो.

"हो, पाऊच फार सुटलाय तुमचा," बायको म्हणाली आणि फोटो काढायला पुढे गेली.

ती गेल्यावर सच्याने हळूच सांगितलं, "दाजी, इथे हो म्हणजे आनो, आणि बोलताना त्याचं नुसतं नो होतं. ते मास्तर तुम्हाला हो हो, तसंच, असं म्हणत होते." मी त्याला विचारलं की चार वर्षांत ही माहिती द्यायला तुला हाच मुहूर्त सापडला का. तर म्हणतो काही नाही हो दाजी, राहूनच गेलं.

पुढे टेकावर बसून दशम्या खाल्ल्या. समोर लांबवर त्रोस्की नावाचा पडका किल्ला दिसतो, दोन सुळक्यांवर दोन बुरूज, एकाचं नाव पान्ना म्हणजे कुमारिका, दुसऱ्याचं बाबा. चेकमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई! यावर मी चांगले दोन विनोद केले, कोणी हसलं नाही. पण ते सुळके ज्वालामुखीचे, बेसाल्टचे, हे ऐकून मात्र बरं वाटलं. या सगळ्या पिवळ्या वाळूत आपल्याकडचा कोणीतरी भेटला.

संध्याकाळी यिचीनच्या एका खानावळीत टेकलो. शाकाहारी माणसाचा इथला आधार म्हणजे तळलेलं चीज, वडापावातल्या वड्याच्या जागी चीजची जाड वडी समजा, सोबत बटाटे. बायकोने ते दोन घास खाऊन "बरं आहे" म्हटलं, म्हणजे चांगलंच होतं. बिअर मला एकच, असं घरून निघतानाच ठरलेलं. तिथे वेटर टेबलावर कागदाची एक चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासाला त्यावर पेनाने एक रेघ मारतो. माझी पहिली रेघ संपली. वेटर ग्लास उचलत भुवया वर करून काहीतरी म्हणाला. बायकोने माझ्याकडे बघितलं.

मी तिच्यासमोर, स्पष्ट, ठाम आवाजात म्हणालो, "नो."

"शहाणे आहात," ती म्हणाली.

वेटरने दुसरी रेघ मारली. सच्या खिडकीबाहेर बघायला लागला.