साहेबांचा शब्द आणि तुमची सही

नारळ मिळाला ना? आता त्याला नारळ म्हणत नाहीत, 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणतात. तो देणाऱ्या एचआरमधल्या मुलीला इतकं वाईट वाटत असतं की पाण्याचा ग्लास आपणच तिच्यापुढे सरकवतो. ते असो. तुमची गोष्ट तर पुढे सुरू होते. साहेब तुम्हाला खाली टपरीवर घेऊन गेले, दोन कटिंग सांगितले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नकोस. दोन महिन्यांत तुला परत आणतो. फक्त हे एवढं निस्तरू दे." आणि आता रात्री दोन वाजता छताकडे बघत तुम्ही विचार करताय, की यावर विश्वास ठेवावा का.

हा काय प्रश्न झाला? ठेवायचाच.

वाक्य नीट ऐकलंत का? साहेब 'आणतो' म्हणाले. 'आणीन' नाही, 'बघू या' तर नाहीच नाही. भविष्याची हमी वर्तमानकाळात देता येणं ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. 'उद्या पैसे देतो'मधला 'देतो' आणि हा 'आणतो' सख्खे भाऊ.

पगार किती, हुद्दा कोणता, रुजू कधी व्हायचं, हे विचारायचा मोह होईल. आवरा. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि त्याप्रमाणे तोंडी करारसुद्धा करार ठरू शकतो. म्हणजे साहेबांनी चुकून आकडा, हुद्दा आणि तारीख उच्चारली असती, तर तुमच्या हाताला काहीतरी लागलं असतं. पण त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. साहेबांनी हे कलम वाचलेलं नाही. त्यांना ते उपजत येतं.

'दोन महिने' या शब्दांवरही अडून बसू नका. तुमची नोकरी मुंबईत होती. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला. पाच वर्षं वळसा घालून तुम्ही त्याच ऑफिसात वेळेवर पंच केलंत. तुमच्यासारख्या माणसानं मुदतीवरून कुरकुर करावी? समजा, जूनमध्ये शब्द मिळालाय. ऑगस्टमध्ये साहेब म्हणतील, "गणपती होऊन जाऊ देत." गणपतीनंतर पितृपक्ष. त्यात नवीन काही सुरू करू नये, हे अमेरिकेतल्या हेड ऑफिसलाही आता ठाऊक झालंय. मग नवरात्र, मग दिवाळी, मग "डिसेंबरमध्ये तिकडचे सगळे सुटीवर असतात रे." जानेवारीत अप्रेझल. मार्चमध्ये इयर एंडिंग, तेव्हा तर साहेबांना फोन करणंसुद्धा पाप. एप्रिलमध्ये नवीन बजेट येतं. मे महिन्यात साहेब कोकणात. आणि मग जून येतो, ज्याला आपण दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे बारा महिन्यांपूर्वी भेटलो होतो.

या काळात ऐरोलीहून एखादी कंपनी तुम्हाला ऑफर लेटर पाठवेल. दहा टक्के पगार कमी, पण सहीशिक्क्यासह. ते ताबडतोब नाकारा. डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन गाडी बदलायची, आणि ते कशासाठी, तर नुसत्या दर महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या पगारासाठी? उद्या साहेबांनी बोलावलं आणि तुम्ही ऐरोलीत सापडलात, तर त्यांना काय वाटेल?

आता सहीकडे वळू. सही अर्थात तुमची. एचआरनं एक कागद पुढे केलाय. त्यावर लिहिलंय, 'मी वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' साहेब म्हणतात, "अरे फॉर्मॅलिटी आहे. रेकॉर्डवर टर्मिनेशन दिसायला नको. नंतर तुला कन्सल्टंट म्हणून आत घेतो." किती काळजी तुमच्या रेकॉर्डची! कपात म्हणून काढलं असतं तर कायद्यानं कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, अशी नुकसानभरपाई द्यावी लागते. स्वेच्छेनं गेलेल्याला कोण कशाची भरपाई देणार? 'पण तू मॅनेजर, कामगार थोडाच?' असंही ते म्हणतील. कार्डावर काय छापलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काम काय करतो हे कायदा बघतो, असं मनात आलं तर ते मनातच ठेवा. साहेब "तुझी ग्रॅच्युइटी मी बघतो" म्हणाले, तर डोळ्यांत पाणी येऊ द्या. पाच वर्षं पूर्ण झाली की ती तुमच्या हक्काचीच असते. अकरा वर्षं झाली असतील आणि मूळ पगार चाळीस हजार असेल, तर चाळीस हजार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले अकरा, म्हणजे अडीच लाखांच्या वर. राजीनामा दिलात तरी ती मिळते. पण हक्काची गोष्ट कुणी उपकार म्हणून देत असेल, तर त्याचा हिरमोड करू नये.

एक क्षुद्र गोष्ट तुमच्या ध्यानात येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. त्या दिवशी तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतला. लॅपटॉप परत केल्याची सही घेतली. ओळखपत्राची, ड्रॉवरच्या किल्लीची, कंपनीची गुपितं बाहेर न सांगण्याची, वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची. माऊस वायरलेस होता, त्याच्यासाठी वेगळी ओळ होती. सात सह्या झाल्या. कागद लागला नाही तो फक्त एका गोष्टीला, कारण तिथे विश्वास होता.

माझे वडील याच लोअर परळ भागातल्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे वडिलांना जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, भेटायचा आणि म्हणायचा, "पुढच्या महिन्यात भोंगा वाजतोय. तुझं नाव पहिलं आहे." वडील रोज दाढी करून तयार. आई मात्र दुसऱ्या महिन्यापासून लोकांना पोळ्या लाटून द्यायला लागली. तिला राजकारण कळत नव्हतं. त्याआधी बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहायचे, आज काम आहे की नाही हे त्यांना निदान तिथल्या तिथे कळायचं. तुमची व्यवस्था त्याहून पुढारलेली आहे. आता त्याच आवारात काचेची इमारत आहे, साडेतीनशे रुपयांची कॉफी मिळते, आणि भोंग्याऐवजी व्हॉट्सॲप वाजतं.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. तुम्ही दर पंधरवड्याला साहेबांना 'सर, काही अपडेट?' असं पाठवणार. उत्तरात अंगठा येईल. त्याचा अर्थ काय, हे मित्रांना विचारत बसू नका. निळ्या टिका झाल्या म्हणजे साहेबांनी वाचलं, वाचलं म्हणजे मनावर घेतलं.

तुमची आई, जी कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिते आणि महिनाअखेरीला भैयाला अर्धा लिटरचाही हिशोब दाखवते, ती विचारेल, "अरे, त्यांनी लिहून दिलंय का?" तिला समजवा की कॉर्पोरेटमध्ये असं चालत नाही.

एक पाप मात्र तुमच्या हातून होण्याची दाट शक्यता आहे. कुणीतरी दीडशहाणा सल्ला देईल, की साहेबांना साधा चार ओळींचा मेल टाक. 'सर, मंगळवारी आपलं बोलणं झालं, त्याप्रमाणे मला अमुक हुद्द्यावर, अमुक पगारावर, अमुक तारखेपर्यंत परत घेणार असल्याचं आपण सांगितलंत. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया कळवावे. तोवर दुसरी ऑफर थांबवून ठेवू का, हेही सांगावे.' राजीनाम्यावर सही करण्याआधी टाक, असंही तो सांगेल. भाषा नम्र आहे, आरोप नाही, अटी नाहीत. तरीही पाठवू नका.

आणि पाठवलातच, तर पुढे काय होतं ते सांगून ठेवतो. मेलला उत्तर येणार नाही. सात-आठ मिनिटांत फोन येईल. गेल्या तीन आठवड्यांत न लागलेला तो नंबर स्वतःहून वाजेल, आणि साहेबांच्या आवाजात तुम्ही कधी न ऐकलेला ओलावा असेल.

"अरे, मेल कशाला केलास? आपलं बोलणं झालंय ना?"

इथे तुम्ही "सॉरी सर" म्हणायचं.