आधी पाणी दाखवा, मग टॉवर

परवा वसईच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "तुम्हा गाववाल्यांना केळीच्या वाड्या हव्यात, आणि आम्ही विरार लोकलला लटकून मरायचं." खाली टाळ्यांचे इमोजी. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण राग खरा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पश्चिम पट्ट्यात, आमच्या गावाच्या वेशीवर, जिथे आजवर बैठी घरं आणि फार तर दोन मजली बंगले होते, तिथे टॉवरांचं संकुल येऊ घातलंय. भराव पडायला लागलाय. डंपर रात्री येतात, सकाळी रस्त्यावर लाल चिखल असतो. गावाने विरोध केलाय आणि मी त्या विरोधात सामील आहे.

पण आमच्या बैठकीत "बाहेरचे लोक येऊन गाव बिघडवतात" असं भाषण सुरू झालं की मला उठून जावंसं वाटतं. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस भाईंदर ओलांडतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, आज ती कुठे गेली असेल ते लोकलच्या डब्यात कळतं. ही माणसं हौसेने आलेली नाहीत. आणि भराव ज्या जमिनीवर पडतोय तिचा सातबारा कालपरवापर्यंत कुणाच्या नावावर होता? आपल्याच. सही करताना कुणी बाहेरचा हात धरून बसला नव्हता. हे कबूल करूनच पुढे बोलायला हवं, नाहीतर आपलं कुणी का ऐकावं?

तरीही माझा विरोध आहे, आणि तो पाण्यासाठी आहे. दोन्ही पाण्यांसाठी, नळाच्या आणि पावसाच्या.

वसईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेकडे उतरतो, रेल्वेच्या बांधापाशी तुंबतो, मोऱ्यांमधून वाट काढतो आणि खाजणं, मिठागरं, नाले यांतून खाडीत जातो. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही. तेवढे तास ते पाणी कुठेतरी थांबलं पाहिजे. ते थांबायचं मिठागरांत, सखल शेतांत आणि आमच्या बावखलांत. बावखल म्हणजे वाडीतलं डबकं नव्हे हो, नवीन मंडळींसाठी सांगते. पावसाचं पाणी साठवून वाडीतल्या विहिरी गोड ठेवायची ती जुनी सोय आहे. आज कित्येक बावखलं कचरा आणि डेब्रिज टाकून बुजवलीत, काहींवर तर रीतसर बांधकाम उभं आहे.

थांबायची जागा भरून टाकली की काय होतं ते जुलै २०१८ मध्ये सगळ्यांनी बघितलं. वसई-नालासोपाऱ्यादरम्यान रूळ पाण्याखाली, लोकल बंद, लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना काढायला एनडीआरएफचं आपत्ती पथक, मिठागरात अडकलेल्या कुटुंबांसाठी बोटी. कित्येक सोसायट्यांत वीज नव्हती. त्या पुरात सर्वांत जास्त हाल कुणाचे झाले? माझ्या चुलत सासऱ्यांच्या वाडीत गुडघाभर पाणी आलं, केळी आडवी झाली, नुकसान झालं. पण तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्याचं फ्रीज, गाद्या, पोरांची दप्तरं, सगळंच गेलं. महापालिकेने नंतर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटीची सत्यशोधन समिती नेमली. समितीने धारण तलाव करायला सांगितलं, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पाणी अडवून धरायला मोकळी जागा. पैसे खर्चून तज्ज्ञांकडून हे ऐकायचं आणि इकडे आयती असलेली सखल जागा भरून टाकायला परवानगी द्यायची, याला काय म्हणावं?

म्हणून ग्रुपवरच्या त्या दादांना सांगते, आमचं शेत बुजलं की पाणी तुमच्या पार्किंगमध्ये येणार आहे.

आता नळाचं पाणी. टँकर वसईला नवीन नाही. ऐंशीच्या दशकात स्टेशनाजवळच्या इमारती वाढल्या तेव्हा पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींतून उपसा करून टँकर भरले जायचे. समुद्र इतक्या जवळ असताना गोडं पाणी उपसत गेलं की खारं पाणी आत सरकतं. विहीर एकदा मचूळ झाली की पानवेल गेली, फुलं गेली. १९८८ मध्ये सरकारने हरित पट्ट्याचा मोठा भाग बांधकामाला खुला करायचं ठरवलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, आणि १९८९ मध्ये वसईत हजारो माणसं रस्त्यावर उतरली. चर्चमधले, देवळातले, सगळे एकत्र. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. तेव्हा "हरित वसईचे शिल्पकार" असे फ्लेक्स लागले. काही फ्लेक्सखाली नावं कुणाची होती ते बघून मला हसू आवरेना.

"आता सूर्याचं पाणी आलंय की," असं बिल्डरचा माणूस आमच्या बैठकीत म्हणाला. "ताई, टँकरचे दिवस गेले." सूर्या धरणाचं पाणी आणणारी एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची, त्यात वसई-विरारचा वाटा १८५ आणि बाकीचा मीरा-भाईंदरचा. मोठं काम आहे, नाकारत नाही. पण हे १८५ आधीच राहत असलेल्या आणि नळाची वाट बघणाऱ्या वस्त्यांसाठी होते. त्यात हा नवा टॉवर कितव्या नंबरवर आहे, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं, "ओसीच्या वेळी बघू." म्हणजे इमारत बांधून झाल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र घेताना.

आणि सूर्याचं धरण मुळात कुणासाठी होतं? डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी पाणी शहराकडे वळवायला विरोध केला, आंदोलनं केली. आपण इकडे नळ सोडतो तेव्हा तिकडे कालव्याच्या शेवटाला कुणीतरी बसलेलं असतं. "आमचा हरित पट्टा वाचवा" म्हणणाऱ्या आपण त्यांच्या शेताबद्दल किती बोललो? मला तरी आपल्या एकाही बैठकीत तो विषय निघालेला आठवत नाही.

एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत किती चटई मिळणार, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येणार, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता जितका रुंद, तितकं प्रीमियम (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क, आणून वर चढता येतं. त्यामुळे गावातला अरुंद रस्ता रुंद होणार म्हणून आपण पेढे वाटतो, तेव्हा नकाशावर त्या रेषेबरोबर मजलेही वाढलेले असतात. रस्ता हवाच, ॲम्ब्युलन्स वळत नाही हे मीही बघते. पण आराखड्यात रस्त्याची रेषा ओढणाऱ्याने नाल्याचीही रेषा ओढली आहे का, हे विचारायचं काम आपलं.

२९ गावांचं तर हसं झालं. २००९ मध्ये महापालिका झाली, गावांनी नको म्हणून आंदोलन केलं, २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२४ मध्ये सरकारनेच तो निर्णय फिरवून गावं पुन्हा आत घेतली. ग्रामपंचायत असती तर ग्रामसभेत उभं राहून विचारता आलं असतं. आता खिडकीवर अर्ज.

"पण हा प्रकल्प अधिकृत आहे, बेकायदा चाळी चालतात आणि हा चालत नाही?" हा प्रश्न रास्त आहे. बेकायदा बांधकामं मलाही चालत नाहीत. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या आणि हायकोर्टाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या. सामान बाहेर काढून रडणाऱ्या बायका टीव्हीवर बघवत नव्हत्या. पण कागद पूर्ण असले म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. आणि खरं सांगू का, या टॉवरमधला दोन बेडरूमचा भाव ऐकलात तर लोकलला लटकणारा माणूस इथे येईल असं वाटणार नाही.

स्टेशनाला लागून जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारती आहेत. त्यांचा पुनर्विकास करा, तिथे मजले चढवा, मी पहिली सही करेन. तिथे गटारं आहेत, नळ आहेत, रिक्षाशिवाय चालत जाता येतं. मग मोकळ्या शेतावरच नजर का? कारण तिथे कुणा भाडेकरूचं पुनर्वसन करावं लागत नाही.

रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पुन्हा बसतोय. इमारतीत राहणाऱ्यांनीही या, मी स्वतः खुर्च्या लावीन. हरकती लिहायच्या आहेत. "निसर्ग वाचवा" एवढंच लिहून कागद वाया घालवू नका, त्यावर "नोंद घेतली" असा शिक्का बसतो आणि फाइल बंद होते. आपला गट नंबर लिहा. शेजारच्या नाल्याची आजची रुंदी टेप लावून मोजा, फोटो जोडा. २०१८ ला आपल्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणेचा फोटो असेल तर तोही. भरावाची उंची किती, पाणी कोणत्या मोरीतून जाणार, किती लिटर पाणी कुठल्या योजनेतून मंजूर झालंय त्याचं पत्र कुठे, हे तीन प्रश्न प्रत्येकाने आपापल्या शब्दांत विचारा. एकच मजकूर झेरॉक्स करून दिलात तर शंभर हरकतींची एक धरतील. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.