शुक्रवारी मालेत सोडलंत, धन्य आहात!

"पुढच्या विमानापर्यंत मध्ये सात तास आहेत ताई, मालदीवची राजधानी माले, आरामात उरकतं. दोन चौरस किलोमीटरचं तर गाव!" इति आमचा टूरवाला. अरे बाबा, गाव असेल चिमुकलं, पण वार कोणता ते कॅलेंडरात बघायला काय झालं होतं? मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी! आमच्यासारख्यांना हे माहीत नसतं, म्हणून तर तुला पैसे मोजले ना?

विमानतळ हुलहुले नावाच्या वेगळ्याच बेटावर. तिथे बॅगा ठेवायचे डॉलर वेगळे, मग फेरीने माले. उतरलो तर शटर खाली. राष्ट्रीय संग्रहालय बंद. हुकुरु मिस्की ही मशीद बघायचीच होती, १६५८ची, प्रवाळाच्या दगडावर कोरीवकाम केलेली. 'हुकुरु' म्हणजेच शुक्रवार! म्हणजे नावातच लिहिलंय हो, की आज आमचा दिवस. आम्ही आपले बाहेरून भिंत बघून आलो. त्या लोकांची काहीच चूक नाही, त्यांची जुम्म्याची नमाज. चूक आहे ती ठाण्यात एसीत बसून प्लॅन आखणाऱ्याची.

ऊन तर असं, की डोक्यावर तवा ठेवलाय. फुटपाथ वीतभर, त्यावरही स्कूटरी खेटून लावलेल्या. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले, त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला हे बेट नको, मला चहा दे." चहा आणू कुठून?

नमाजेच्या आधी एक दुकान तेवढं उघडं सापडलं होतं. एक डॉलरची पाण्याची बाटली घेतली, पाचाची नोट दिली. परत काय आलं? त्यांच्या चलनात, साठ रुफिया! डॉलरला १५.४२ रुफियाचा भाव, त्याने १५ने हिशोब केला. ते दीड-पावणेदोन रुफिया गेले खड्ड्यात हो, पण या प्लास्टिकच्या नोटा आता घरी नेऊन करू काय? लोणचं घालू?

शेवटी दोन वाजताच विमानतळावर परत येऊन बसलो. तेवढ्यात टूरवाल्या साहेबांचा फोन, "काय ताई, झालं का शॉपिंग?"

त्याचा शेवटचा हप्ता अजून द्यायचाय. साठ रुफिया त्यात धरणार आहे. १५.४२च्या भावाने.